स्पर्धेचं खाचर

बदलापूरहून लग्न होऊन मी पालेगावात आले तेव्हा माझ्याजवळ मिरवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: सातवी पास झाल्याचा दाखला आणि वळणदार अक्षर. सासरी दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता. चूल मला धड पेटवता येत नव्हती, भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, वाकले की दुपारीच कंबर धरून बांधावर बसायचे. सून शिकलेली आहे हे सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला अशा आवाजात सांगत, की ऐकणाऱ्याला ते माझं एखादं जुनं दुखणं वाटावं.

माझे दिवस फिरले ते शेतकी खात्याच्या साहेबांमुळे. ते टंचाईचे दिवस होते. शहरात तांदूळ रेशनवर, आणि ‘अधिक धान्य पिकवा’ अशी अक्षरं स्टेशनापासून चावडीपर्यंत जिथे मोकळी भिंत दिसेल तिथे. देश अर्धपोटी आहे आणि त्याचं कारण म्हणजे पालेगावची माणसं भात नीट लावत नाहीत, असं साहेबांनी चावडीवर समजावून सांगितलं. तालुक्यात भातपिकाची स्पर्धा ठेवली होती. ज्याने त्याने आपलं एक खाचर नोंदवायचं आणि ते नव्या पद्धतीने पिकवायचं. सासऱ्यांनी आमच्या विहिरीखालच्या खाचराचं नाव दिलं आणि पद्धतीचं पत्रक घेऊन घरी आले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते मी वाचून दाखवलं. त्या घरात प्रथमच मी बोलत होते आणि पुरुष ऐकत होते. खोटं कशाला सांगू, मला ते फार गोड लागलं.

पत्रकात लिहिलं होतं की रोपं दोरी धरून रांगेत लावावीत, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवावं आणि खत भरपूर घालावं. ‘भरपूर’ हा शब्द मी जरा ठासूनच वाचला. सासऱ्यांनी उकिरडा उपसून घरचं सगळं शेणखत त्या एका खाचरात नेऊन ओतलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, की मग राबाला काय? आमच्याकडे रोपं करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण आणि पालापाचोळा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. राब चांगला तर रोप चांगलं. पण शेण जाळणं हा अडाणीपणा आहे असं साहेब सांगून गेले होते. तेच मी सासूबाईंना ऐकवलं, साहेबांपेक्षा शुद्ध भाषेत.

“कागद शिजवून खाता येत नाय,” त्या म्हणाल्या. “एवढं ध्यानात ठेव.”

राब अर्धामुर्धा भाजला. स्पर्धेच्या खाचरासाठी रोपं वेगळ्या वाफ्यात, खत घालून केली होती, ती तरारली. बाकीच्या शेताची रोपं पिवळी आणि किडकिडीत निघाली. आवणीच्या दिवसांत आख्खं घर विहिरीखाली दोरी ताणून उभं. मी पत्रक हातात घेऊन वीत मोजत होते आणि कुणाची रांग वाकडी गेली की उपटून परत लावायला सांगत होते. वर इतर खाचरं पाणी धरून वाट बघत होती. त्यांच्या आवणीला दोन आठवडे उशीर झाला, आणि त्यात गरवं भात, म्हणजे उशिरा पिकणारं, हस्ताच्या पावसाशिवाय न भरणारं.

पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा, असं आमच्याकडे म्हणतात, इतकं भात होतं. त्या वर्षी उत्तरा कोरड्या गेल्या आणि हस्त तर फिरकलाच नाही. स्पर्धेत नाव घातलेलं, नाक कापलं जायला नको, म्हणून आम्ही विहिरीतून हंडे भरभरून खालच्या खाचरात ओतले. सासूबाईंनीसुद्धा ओतले. वरच्या शेताला हंड्याने पाणी कोण पुरवणार? तिथलं भात दुरून उभं दिसे, पण लोंबी चिमटीत धरली की हाताला नुसतं टरफल लागे.

कापणीला साहेब तराजू घेऊन आले. स्पर्धेच्या खाचरात खरोखरच असं पिकलं होतं, की गावात कुणी तसं पाहिलं नव्हतं. साहेबांनी त्या वजनावरून एकराचा हिशोब केला आणि मला फॉर्म भरायला सांगितला. एका रकान्यात आमची सगळी जमीन, दुसऱ्यात तो एकरी आकडा. बाकीच्या खाचरांत काय झालं यासाठी रकाना नव्हता आणि मी विचारलं नाही. प्रत्येक शेतकऱ्याने असं पिकवलं तर देश परदेशी धान्याचं नावही काढणार नाही, असं भाषण करून साहेबांनी सासऱ्यांच्या हातात पहिल्या नंबराचा चकचकीत कप दिला. प्रत्येक शेतकऱ्याने एवढं शेण आणायचं कुठून, हे मात्र राहून गेलं.

पौषातच कणगीचा तळ दिसू लागला. सासूबाईंनी मापटं फडताळात ठेवलं आणि तांदूळ कपाने मोजायला घेतले. कप मापट्याहून लहान होता.

“बक्षिसानं मोजते,” त्या म्हणाल्या. “बरकत येईल.” त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माळ्यावर पेंढ्यात बांधलेला बियाण्याचा मुडा होता. तो सोडला असता तर महिना निघाला असता, पण पुढच्या वर्षी पेरायला काही उरलं नसतं. म्हणून फाल्गुनात मी आणि सासरे रेशनच्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. पीक बुडालेल्या शेतकऱ्याला कार्ड मिळेल असं कळलं होतं. कारकुनाने कपाटातून एक कागद काढला.

“हा फॉर्म तुमचाच ना? अक्षर सुंदर आहे. कुणाचं?”

“माझं,” मी म्हणाले.

एवढं पिकवणाऱ्या घराने रेशन मागू नये, सरकारात सक्तीच्या लेव्हीचं भात घालावं, असं त्याने सभ्यपणे सांगितलं. ते एकच खाचर होतं, बाकी सगळं गेलं, असं मी म्हटलं. तसं कुठे लिहिलेलं नाही, तो म्हणाला. खरंच नव्हतं. लिहिणारी मीच होते.

मग मी अंडी आणि लाकडाची मोळी घेऊन निर्वासितांच्या कॅम्प दोनला जाऊ लागले. तिथली एक सिंधी बाई त्याच्या बदल्यात तिच्या रेशनची परदेशी लाल ज्वारी द्यायची. आपली जमीन सीमेपलीकडे टाकून आलेली बाई. पिशवीत ज्वारी ओतता ओतता तिने विचारलं, “खेती तुम्हारी, और अनाज हमारा?” विचारण्यात कुजकेपणा नव्हता, तरी शरमेने माझी मान वर होईना. त्या मुड्याखाली बसून आम्ही लाल भाकरी खाल्ली, आणि मुडा कुणी सोडला नाही.

चैत्रात साहेब नवा फॉर्म घेऊन ओट्यावर हजर. आता जिल्ह्याची स्पर्धा होती. सासऱ्यांनी घसा खाकरून माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, पेन दिसल्यावर माझाही हात शिवशिवला. सासूबाई अंगणात राबासाठी शेण गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“ती लिवणं इसरली,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी मला विचारलं, असं कसं? मी पदर सारखा केला आणि म्हणाले, “हो, विसरले.” मग ओटा उतरून शेणाची पाटी डोक्यावर घेतली. सासूबाईंनी हात लावून ती उचलून दिली.