विहिरीचा पंचनामा

आमच्या शेजारच्या काकांइतका खऱ्यासाठी हट्टी आणि तरीही पक्षपाती माणूस शहापूर, मुरबाड या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नसेल. ते निवृत्त तलाठी. आयुष्यभर सातबारे लिहिल्यामुळे कुठेही चुकीचं लिहिलेलं दिसलं की त्यांना काटा रुतल्यासारखं व्हायचं. मी शाळेत असताना एसटी स्टँडच्या फळ्यावरची मुरबाड गाडीची वेळ त्यांनी स्वतः खडूने बदलली होती. कंट्रोलर ओरडला, तर म्हणाले, "तू फळा बघतोस, मी गाडी बघतो." लग्नपत्रिकेतली नाती ते लाल पेनाने दुरुस्त करून पत्रिका परत पाठवत. पण निवडणूक आली की समोरच्या पक्षाच्या सभेला दहा माणसं आणि काकांच्या पक्षाच्या सभेला मैदान अपुरं! दोन्ही सभा मी गॅलरीतून पाहिलेल्या असत. मी बोलत नसे. मी सहसा बोलतच नाही.

मी कॉलेजात गेले तेव्हा बाजारात सायबर कॅफे निघाला होता. कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं असा एक ज्ञानकोश इंटरनेटवर असतो, हे मी काकांना सांगून बसले.

"कोणीपन? सहीशिक्का नाय, काय नाय?" ते आधी हादरले, मग खूश झाले. शाळेत मी कॉम्प्युटर शिकले होते, म्हणून टायपिंग माझ्याकडे. दर रविवारी आम्ही समोरच्या पक्षाच्या, मुरबाडच्या एका पुढाऱ्याचं पान उघडायचो आणि जिथे 'नेते' असेल तिथे काका 'तथाकथित नेते' करायला लावायचे. तासाभरात कुणीतरी ते काढून टाकी. "बघ गो, किती पक्षपाती लोक हायत!" काका हळहळत.

एका रविवारी किन्हवलीपलीकडच्या त्यांच्या गावाचं पान सापडलं. बौद्धवाड्यातली विहीर त्याच पुढाऱ्याने बांधून दिली, असं त्यात होतं. काकांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "वाड्यातल्या बायकांनी खणली ती. पयली कुदळ माझ्या आयेनं मारली. तिचं नाव कुठंच नाय, गो. रेशनकार्डावर होतं तेवढंच."

आम्ही दुरुस्ती केली. ती पुसली गेली आणि खाली शेरा आला: छापील आधार द्या.

"आधार? मी जिता हाय ना! माती वायलीय मी!"

पुढच्या रविवारी काका पंचनामा घेऊन आले. रीतसर. वाड्यातल्या पाच म्हाताऱ्यांचे अंगठे, 'समक्ष' आणि विहिरीच्या चतुःसीमा: पूर्वेस चिंच, दक्षिणेस वाट. मी चिंचेसकट सगळा टाइप केला. चहा येईपर्यंत तोही उडाला.

"परत लिही," काका म्हणाले.

मी मात्र कागदाकडे बघत होते; त्यात दगडाचा उल्लेखच नव्हता. "काका, दगड कुठून आला? बांधकामाचा?"

"तुला कशाला?"

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "त्याच पुढाऱ्याच्या बापानं धाडला. बैलगाड्या भरून. आयेनं त्याला गूळपाणी दिलं, तो वाड्यात बसून प्यायला."

"लिहू?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "लिही. खरं हाय ते. पन तथाकथित लाव."

"काका."

"बरं, नको लावू."

तेही टिकलं नाही. तरी पुढे कितीतरी रविवारी ते मला तेवढ्या ओळी पुन्हा लिहायला लावत, दगडासकट.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. परवा ते पान उघडलं. पुढाऱ्याचं नाव गेलंय. 'गावात एक विहीर आहे' एवढंच उरलंय. पंचनामा माझ्या कपाटात आहे, अंगठ्यांची शाई जांभळट झालीय. त्या लोकांना छापील आधार हवा होता, म्हणून इथे लिहिते: ती विहीर बौद्धवाड्यातल्या बायकांनी खणली. पहिली कुदळ काकांच्या आईची, भागीबाईंची. दगड मुरबाडच्या त्या पुढाऱ्याच्या वडिलांनी धाडला.

काका, छापून आलं. 'तथाकथित' कुठेही लावलेलं नाही.