तांब्याभर पाणी थंड करण्याची गोष्ट

गरम पाणी उघड्यावर ठेवलं की थंड होतं, हे सिद्ध करायला आमच्या पनवेलच्या घरात तीन दिवस लागले. त्याचा राग मला आजही येतो.

मी तेव्हा मुंबईला बी.एस्सी.ला होतो, विषय पदार्थविज्ञान. मुदतीच्या तापाने एकवीस दिवस आडवा पडलो आणि नेमका पाणी थंड होण्याचा प्रयोग बुडाला. (मी तापलेला, म्हणून पाणी निवायचं राहिलं!) सर म्हणाले, "दिवाळीच्या सुट्टीत घरी करा. पण या प्रयोगाशिवाय जर्नलवर सही नाही, आणि सही नाही तर परीक्षा नाही." म्हणजे अख्खं वर्ष एका तांब्यात! प्रयोगशाळेतला थर्मामीटर रुमालात गुंडाळून मी एस.टी.तून मांडीवर आणला.

प्रयोग साधा. तांब्यात ऐंशी अंशांचं पाणी घ्यायचं आणि दर दोन मिनिटांनी तापमान टिपायचं, तासभर. एकूण नोंदी एकतीस. कुणी काहीही करायचं नाही. आमच्या घराला नेमकं हेच जमत नाही!

पहिल्या दिवशी दहा मिनिटांनी एकाहत्तर, वीस मिनिटांनी साडेत्रेसष्ट. छान! पेन्सिलीला टोक करायला मी खिडकीकडे वळलो. परत येऊन पाहतो तर चौऱ्याहत्तर! आणि शेजारी आई, हातात वाफाळतं पातेलं.

"अगं, काय केलंस?"

"निवत चाललं होतं रे! हाक नाही का मारायची?"

"ते निवायलाच ठेवलं होतं!"

"मग आधी तापवलंस कशाला?" आई म्हणाली. याला उत्तर आहे, पण ते न्यूटनच्या नियमाने सुरू होतं आणि तेवढा वेळ ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी अठराव्या मिनिटाला माझी वही जागेवर होती, थर्मामीटर कोनाड्यात होता आणि तांब्या नव्हता. तो पडवीत बाबांपुढे होता. बाबांनी त्यात गार पाण्याचं विसण घालून अर्धी दाढी उरकली होती!

"बाबा, ते प्रयोगाचं पाणी होतं!"

"पाण्यात प्रयोगाचं आणि दाढीचं असं काय असतं? आणि काचेची कांडी कोण ठेवतो रे पाण्यात? गालाला लागली असती!"

दूध घालायला आलेला पळस्प्याचा गोमा उंबऱ्यावरून सगळं ऐकत होता. म्हणाला, "आमच्या पळस्प्यात पानी आपोआप निवतं. मुंबईला निवत नाय वाटतं?"

मी त्याच्यावरही ओरडलो.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, मी माजघरात पुन्हा मांडामांड केली. बाविसाव्या मिनिटाला पाणी प्यायला गेलो. परत येतो तर तांब्यावर ताटली! ती ठेवणारी आत्या, बाबांची थोरली बहीण, शांतपणे वाती वळत बसली होती. थर्मामीटर खुंटीला टांगलेला.

"उघड्या पाण्यात माशी पडते," आत्या म्हणाली. "आणि तुझी कांडी टांगून ठेवलीय बघ. आतली रेघ खाली खाली आली आणि थांबली. खालच्या भोपळ्यापासून मोजली, एकोणतीस घरं भरली."

"तुला मोजायला कुणी सांगितलं? काय करायचंय मला तुझ्या एकोणतिसाचं?"

आत्याने पुढची वात वळायला घेतली. मी पाणी पुन्हा तापवून आणलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि माजघराला आतून कडी लावली. जेवणाची भांडी आत, माणसं बाहेर!

"निवलं का रे?" आई.

"नाही!"

"बशीत ओत, लवकर निवेल," बाबा.

"कुणी बोलू नका!!"

पण एकतीसच्या एकतीस नोंदी झाल्या. अडीच वाजता भुकेलेल्या घरासमोर मी विजयी वीरासारखा कडी काढली.

कॉलेजात सरांनी वही पाहिली. "सुबक आहे. खोलीचं तापमान?"

मी पाहिलं. चौकट कोरी! पाणी निवतं ते भोवतालच्या हवेच्या हिशेबाने. तो आकडा नसेल तर बाकीचे एकतीस फुकट. तीन दिवस मी घरातल्या प्रत्येकावर नजर ठेवली, हवेकडे कुणी पाहिलं नाही. कुणी म्हणजे मी.

"एकोणतीस," मी पुटपुटलो. "पण सर, खरं सांगतो, ते माझ्या आत्याने पाहिलं. त्याच दिवशी, त्याच खोलीत."

"आत्या काय शिकल्यात?"

"शाळेत गेली नाही."

सरांनी एकोणतीस धरून लॉगचा आलेख काढायला लावला. रेघ सुतासारखी सरळ आली. सरांनी सही केली आणि म्हणाले, "आत्यांना माझा नमस्कार सांगा."

नाताळात घरी गेल्यावर मी तो सांगितला. चारचौघांत आत्याची माफीही मागितली. "तुझ्यावर एक-दोनदा ओरडलो मी."

आत्या वाती वळता वळता म्हणाली, "माझ्यावर सहा वेळा. सगळ्यांवर मिळून एकोणीस. मोजलंय मी."

हा आकडा मी कधी तपासला नाही. आमच्या घरात बिनचूक नोंदी कोण घेतं, ते विद्यापीठाने मला पास करून माझ्या नावावर सिद्ध केलेलंच आहे.