माइकचं भोक

आम्ही वर्षानुवर्षं ज्याच्याकडं जातो, तो केडगावचा मेकॅनिक गिऱ्हाइकाशी बोलतच नाही. बोलतो ते मशीनशी, आणि तेही खेकसून. रेडिओ असो की मिक्सर, "काय रं, लई माजलास व्हय?" इथूनच सुरुवात.

वडिलांचा गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर विकायचा होता. त्याआधी तो मूळच्यासारखा करून घ्यावा, म्हणून मी त्याच्याकडं नेला. आईलाही सोबत गाता यावं म्हणून वडिलांनी त्याला माइकसाठी भोक पाडलं होतं. ते बुजवायचंय म्हणताच त्यात बोट घालून मेकॅनिक अ‍ॅम्प्लिफायरवरच ओरडला, "कुन्या गाढवानं वाट लावली रं तुजी?"

माझं डोकंच फिरलं. "तोंड सांभाळून बोला! माझ्या वडिलांनी पाडलंय ते!"

इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मंग बुजवायला कशाला आनलं?"