हक्काला कन्नडात काय म्हणतात

उदगीरपासून कलबुर्गीपर्यंत लग्नांत जिची गाणी वाजतात, तिच्या नावाचा फलक आमच्या गावात लागणार आहे. फलक समितीचे अध्यक्ष मजकूर दाखवायला माझ्याकडे आले : ‘अपंगत्वावर मात करून रसिकांना रिझवणारी गायिका.’

रिझवणारी! अकरा दिवस ही बाई तहसील कचेरीच्या पायऱ्यांशी धरणं धरून बसली, ती कुणाला रिझवायला?

मी त्या कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहायचो; तिथला कारभार कन्नडात. तिचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने गेलेले. मराठी-कन्नड दोन्ही बोलायची, लिहिता मात्र येत नव्हतं. म्हणाली, लिहा, वस्तीला नळ मिळणं हा आमचा हक्क हाय. मी कन्नडात लिहिलं, एका अपंग, गरीब बाईवर कृपा करावी. अर्ज नरम असला की साहेब वाचतात, ही माझी अक्कल. तिने विश्वासाने अंगठा उठवला.

शिपाई तिला उचलून वर न्यायला आले. तिने हात लावू दिला नाही; साहेबांनी खाली यावं म्हणाली. सोबतच्या बायांचा धीर सुटू नये म्हणून दुपारी गायची. पेपरात छापून आलं, कचेरीत गाण्याचा कार्यक्रम.

अकराव्या दिवशी साहेब उतरले. अर्ज मोठ्याने वाचला, डोळे पुसले आणि तिला तीनचाकी सायकल दिली. हार, फोटो. नळाचं नाव नाही.

गर्दी पांगल्यावर तिने मला बोलावलं.

“अण्णा, हक्काला कन्नडात काय म्हणतेत?”

“हक्कू.”

“मग कामून बदललं?”

सायकल तिथंच सोडून ती बायांच्या आधाराने गेली. पुढे दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेऊन ती पुन्हा बसली, तेव्हा कुठं नळ आला. पण लोकांच्या भिंतीवर सायकलीचाच फोटो आहे. सत्कारांत तिला ‘बिचारी’ म्हणत, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून मान हलवली आहे. ती वारेपर्यंत तोंड उघडलं नाही.

अध्यक्षांचा मजकूर मी खोडला. लिहिलं : ‘वस्तीच्या पाण्याचा हक्क हिने बसून मिळवला.’ खाली कन्नडात तेच, ‘हक्कू’सकट.

“अण्णा, फलकावर राजकारण कशाला?” अध्यक्ष म्हणाले. “लोक गाण्यासाठी ओळखतेत तिला.”

“माझ्यामुळं तेवढंच ओळखतेत,” मी म्हणालो, आणि अर्जाची सगळी हकीकत त्यांना सांगितली.

कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. व्हय म्हणाले नाहीत, न्हाईही म्हणाले नाहीत. नळाजवळ फलकाचा नुसता खांब उभा आहे. कोणता मजकूर लागतो, मी रोज सकाळी जाऊन बघतो.