सलीमभाईंच्या रेघा

प्रत्येक पॅनेल जोडून झालं की आमच्याकडे दोन-चार स्क्रू उरतातच. ते कुठले, कुणाला सांगता येत नाही आणि टाकवतही नाहीत, म्हणून एका बरणीत ठेवतो. बरणी भरत आली आहे. सलीमभाईंचे किस्सेही असेच साठलेत. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून लिहितोय.

*

सलीमभाई इलेक्ट्रिकल इंजिनिअर. लोणी देवकरच्या एका कारखान्यात नऊ वर्षं ते दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग तपासत होते. मग नोकरी सोडून इंदापुरात स्वतःचं काम सुरू केलं. मोटरचे, मशीनचे कंट्रोल पॅनेल स्वतः आखायचे आणि जोडून द्यायचे. कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "दिवाळीपर्यंत तुमची जागा भरत नाही. जमलं नाही तर या."

त्यांच्या अब्बांना काही पटेना. "तितंबी रेघाच मारायचा, हितंबी रेघाच. मग सोडलं कशापायी?"

"अब्बा, तिथं दुसऱ्यांच्या चुका शोधत होतो."

"मग बरं हुतं की. आता सोताच्या शोधाव्या लागतील."

*

गाळ्यावर पाटी लावली, 'इलेक्ट्रिकल डिझाइन'. पहिल्या महिन्यात पाच पंखे आणि तीन मिक्सर आले. सलीमभाई प्रत्येकाला समजावून परत पाठवायचे. एक काकू मात्र हटेनात.

"दुरुस्ती करत न्हाय ना तुमी? मग नका करू. डिझाइनच बदला. लई आवाज करतोय."

सलीमभाईंनी मिक्सरच्या पायांना रबराच्या चकत्या लावून दिल्या. आमचं पहिलं डिझाइन ते.

*

मी नववीनंतर शाळा सोडली. बारामतीत जळालेल्या मोटरींत नव्यानं तार भरायचं काम करायचो, तिथून सलीमभाईंनी मला वायरिंगसाठी आणलं. पहिलं पॅनेल मी ड्रॉइंगबरहुकूम जोडलं. चालू केलं तर मोटर उलटी फिरली.

"ड्रॉइंगमध्ये चूक होती. दिसली नाही का तुला?"

"दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही इंजिनिअर आहात."

त्या दिवसापासून नियम झाला, मी एक तरी चूक काढल्याशिवाय ड्रॉइंग बाहेर जायचं नाही. एकदा शोधून शोधून काहीच सापडेना. शेवटी म्हणालो, "भाई, तुमचं नाव फार मोठं झालंय." त्यांनी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं नाव बारीक केलं.

*

बावड्याच्या तात्यांना उसासाठी पंपाचं पॅनेल दिलं. लाईट आली की मोटर आपोआप चालू, पाणी संपलं की आपोआप बंद. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आन मी काय करायचं?"

"काही नाही तात्या. घरी बसायचं."

"घरी बसून काय करू? तितं म्हातारी हाय."

सलीमभाईंनी एक मोठं हिरवं बटण बसवून दिलं. दाबलं की नुसता दिवा लागतो. तात्या रोज सकाळी जाऊन ते दाबायचे. दोन महिन्यांनी सलीमभाईंना राहवेना, त्यांनी खरं सांगून टाकलं.

तात्या म्हणाले, "ठावं हाय मला. म्हणून तर बिनघोर दाबतोय."

*

दिवाळीला दीड महिना राहिला तेव्हा मोरगावकडच्या एका दूध शीतकरण केंद्राचं काम चालून आलं. तोवर एवढं मोठं काम मिळालं नव्हतं. हे गेलं तर सलीमभाई कारखान्यात परत जाणार होते आणि मी बारामतीला.

केंद्रातलं जुनं पॅनेल दोनदा जळलं होतं. आत पाणी जातंय एवढंच सगळ्यांना माहीत होतं. छत तर कोरडं. सलीमभाई एक अख्खी सकाळ तिथं बसून राहिले. नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. वीस वर्षं मशीन सांभाळणारे आबा आले, त्यांनी पॅनेलचं दार उघडलं, आत कुंकू लावलं आणि दाराच्या कडेवर नारळ फोडला; पाणी आत ओघळलं. सलीमभाईंनी टेप काढून पॅनेलसमोरची जागा मोजली.

पुढच्या संकष्टीला केंद्रातच ड्रॉइंग मंजूर करायची बैठक झाली. सही पुण्याच्या सल्लागारांची. त्यांनी सगळं तपासलं आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. पॅनेलपासून तीन फूट लांब एक दगडी ओटा, त्यावर चार इंचांचा खळगा, खाली पाणी जायला नळी.

"हे इलेक्ट्रिकल नाही. काढून टाका."

"सर, बाकी काहीही काढा. हे राहू द्या."

"का, ते सांगा. नाहीतर मी सही करणार नाही."

समोर केंद्राचे चेअरमन बसलेले. दारात आबा उभे, हातात पूजेची पिशवी. सलीमभाई ड्रॉइंगची घडी हातानं सपाट करत राहिले.

आबा पुढं आले. वाकून तो कोपरा बराच वेळ बघितला. मग पिशवीतून नारळ काढून ड्रॉइंगवर ठेवला.

"ह्यात न्हाय बसायचा," ते म्हणाले.

सल्लागारांनी एकदा नारळाकडे बघितलं, एकदा आबांकडे. मग पेन काढलं, चारवर काट मारून सहा केलं आणि खाली सही केली.