व्हिएन्नातली फुकट ऊब

पैसे न देता, जात न सांगता, आणि ‘काऊन आला बे?’ असं कोणी न विचारता थंडीत दोन तास बसता येईल, अशी एक तरी जागा तुमच्या गावात आहे का?

गेल्या जानेवारीपर्यंत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. माझी धाकटी बहीण सावंगीला नर्सिंग शिकली आणि व्हिएन्नाच्या एका हॉस्पिटलात लागली. तिनेच तिकीट काढून मला तिकडे बोलावलं. राजवाडे पाहून भारावायचं नाही, हे मी वर्ध्यातून निघतानाच ठरवलं होतं. बाबा आर्वीच्या एसटी स्टँडवर समतेची पत्रकं वाटायचे आणि आम्ही भावंडं संध्याकाळी त्यांच्या घड्या घालायचो. राजेरजवाड्यांबद्दलची माझी मतं तेव्हाच पक्की झाली.

राजवाडे सोपे गेले. सोनेरी छतांखाली उभा राहून हे सगळं कोणाच्या घामाचं आहे, हे मी बहिणीला मोठ्यांदा सांगत होतो. बाहेर पाठीवर घोंगडी पांघरलेले बग्गीचे घोडे वाफा सोडत उभे होते.

ती म्हणाली, “दादा, भाषण आवर. नाक लाल झालं तुयं. चाल, गरम जागी बसू.”

मला वाटलं, हॉटेल. तिने वाचनालयात नेलं. दारात बर्फाचा चिखल होता. मी सवयीने बूट काढले आणि भिंतीशी नीट लावून ठेवले. आमच्या गावच्या विहाराला लागून वाचनालयाची खोली आहे. तिथे पायातलं बाहेर काढल्याशिवाय कोणी पुस्तकाला हात लावत नाही. काचेआडची बाई माझ्या ओल्या मोज्यांकडे बघतच राहिली.

“काय करून राह्यला? घाल ते बूट!”

“वाचनालय हाय ना?”

“हाय. पण इथल्या पुस्तकायले राग येत नाई.”

आत लख्ख उजेड आणि ऊब. अंगात दोन कोट चढवलेला एक म्हातारा छातीवर पेपर ठेवून घोरत होता. त्याला कोणी उठवत नव्हतं. डोक्याला रुमाल बांधलेली एक आई पोरांची गणितं तपासत होती. पैसे कुठे द्यायचे म्हणून मी खिसा चाचपला, तर बहीण हसली.

तिथे मी जळलो. त्या शहरावर जळलो, आणि बहिणीवरही. ड्यूटी संपली की ती येऊन बसायची ती खिडकीजवळची खुर्ची तिने मला कौतुकाने दाखवली. पत्रकं पाठ केली मी, माइकवर समता-समता करून घसा बसवला मी, आणि त्यातल्या जगात राहायला मिळालं हिला!

त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला. “विहार समितीवाले म्हणते, वाचनालयात कोणी येत नाई. खोली मंडपवाल्याले देऊन टाकतो म्हणते, खुर्च्या अन् सयपाकाचे गंज ठेवायले. रविवारी बैठक हाय.”

फोन ठेवून मी बहिणीला सगळं सांगितलं. बहीण म्हणाली, “अशा खोलीसाठी इथंबी कोणीतरी भांडलंच असन. तू जळत बसू नको. जाय अन् भांड.”

रविवारच्या आत मी परतलो. बैठकीत उभा राहून त्या घोरणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. एक काका म्हणाले, “म्हंजे झोपायले वाचनालय पाह्यजे तुले?” सगळे हसले. माझे कान तापले.

“हो, पाह्यजे,” मी म्हणालो. “झोपलेला माणूस उठल्यावर वाचते. खुर्च्या वाचत नाईत.”

बरीच बाचाबाची झाली. शेवटी एप्रिलमधल्या जयंतीपर्यंत मुदत मिळाली. तोवर रोज संध्याकाळी खोलीत माणसं दिसली पाहिजेत, नाहीतर ती मंडपवाल्याची.

सध्या आम्ही रोज दार उघडतो. कधी दहावीच्या चार पोरी येतात, कधी बाबा आणि मी, बस. मंडपवाल्याचा टेम्पो फाटकाशी हळू होतो, आत कोण आहे ते बघून पुढे जातो. बहीण तिच्या खुर्चीतून फोटो पाठवते. त्याला मी अजूनही लगेच उत्तर देत नाही.

तुमच्या गावातल्या बंद वाचनालयाची किल्ली कोणाकडे आहे, ते आजच विचारा. ती मागून घ्या, दार उघडा आणि तासभर बसा. वाचलं नाही तरी चालेल. फक्त एकटे जाऊ नका, शेजाऱ्याला सोबत न्या.