रिकामी आलेली वाटी

रक्त काढून घेताना शेजारच्या मालूताईंनी लॅबमधल्या बाईंना विचारलं, "गाठ पोटात आणि सुई दंडात, हे कसं हो?"

"मावशी, प्रत्येक पेशी रक्तात बारीक पिशव्या सोडते, गाठीतलीसुद्धा. त्या पिशव्यांतून गाठीची खबर लागते का, ते बघतोय."

त्याच पिशव्या आजार पसरायलाही हातभार लावतात, हे मात्र बाईंनी मला बाहेर नेऊन सांगितलं.

मला आमच्या दोन घरांत जाणाऱ्या-येणाऱ्या वाट्या आठवल्या. मालूताईंनी माझी वाटी कधी रिकामी परत केली नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी असायची. गेल्या दिवाळीनंतर एकदा ती घासून, पुसून, रिकामी आली. मी बघितलं, आणि काही न विचारता फडताळात ठेवून दिली.